आबांच्या गाडीचं माप

दोरीचं एक टोक वहिनीनं अंगठ्याखाली दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या टोकाला खडू बांधून थोरला गुडघ्यांवर सरकत फरशीवर अर्धगोल ओढत होता. खडू चालत चालत मधलीच्या खाटेखाली शिरला. थोरल्यानं मान वर न करताच खाटेचा पाय धरून खाट भिंतीकडे ढकलली, मग तिचं कापायचं टेबल, मग ट्रंक. मधली दारात उभी राहून बघत होती. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्यानं दुसरीशी घर मांडलं आणि ती माहेरी परत आली, तेव्हापासून ती या मागच्या खोलीत राहत होती. पण खोली नेमकी कुणाची हे या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं, त्यामुळे परवानगी मागण्याचा प्रश्नच थोरल्याला पडला नाही.

"बघ," तो म्हणाला, "मोठ्या मापाच्या गाडीला एवढं वळण लागतं. याहून आखूड केलं तर डबे रुळांवरून उतरतात. हे मी नाही म्हणत, धाकटा म्हणतो."

"मोठी घ्यायची तर एवढं लागेल, असं म्हणाला तो. मोठीच घ्यायची असं कुठं म्हणाला?" मधली म्हणाली.

"वन्सं, तुम्ही जरा बाहेरच थांबा हं," वहिनी म्हणाली. "खडू पुसला जाईल."

मधली थांबली. कपड्यांच्या कारखान्यात ती कागदी नमुने कापायचं काम करायची, तेव्हा आखलेली रेघ वाचायला तिला कुणी शिकवायला नको होतं. रेघ उशीच्या जागेवरून निघून टेबलाला वळसा घालून दारापर्यंत आली होती. आतल्या बाजूला माणसानं उभं राहावं एवढी जागा उरत होती, झोपावं एवढी नाही.

हे सगळं सुरू झालं ते आबांमुळे. आबांनी उभी हयात स्टेशनाबाहेरच्या सिग्नलच्या केबिनीत काढली होती. लिव्हर ओढायचे, सांधे बदलायचे, गाडीला तिच्या रुळावर घालायचं. पुढं सगळं आपोआप चालायला लागलं, केबिनीला कुलूप लागलं आणि आबा घरी बसले. आई होती तोवर ती त्यांना काही ना काही कामाला लावायची. आई गेल्यावर मात्र त्यांना काही उद्योग उरला नाही. दिवसदिवस खिडकीशी बसायचे. मग एकदा जेवताना म्हणाले, "मला माझं स्टेशन परत मांडायचंय." दोन फलाट, केबिन, चार सांधे आणि न थांबता गोल फिरत राहणारी एक गाडी. भिंतीला फळी मारून तिच्यावर मागंपुढं करणारी गाडी बसवू, असं धाकट्यानं फोनवर सुचवलं तेव्हा आबा म्हणाले होते, "ते शंटिंग झालं. शंटिंग मी पुष्कळ बघितलं."

धाकटा परगावी विम्याच्या कचेरीत होता आणि त्याचं प्रेम सहसा पार्सलनं यायचं. या वेळी तो स्वतः आला, तेही दोन पेट्या घेऊन. एका पेटीत खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची गाडी, दुसरीत एकशे साठाव्या. मोठीचा डबा वीतभर लांब, लहानीचा त्याच्या निम्मा. दुकानदार ओळखीचा होता, म्हणाला, दोन्ही घरी नेऊन दाखवा, आवडेल ती ठेवा, दुसरी आणून द्या. लहानीचं सगळं स्टेशन दाराच्या फळीएवढ्या पाटावर मावत होतं आणि तो पाट आबांच्या स्वतःच्या खोलीत बसत होता. मोठीला अख्खी खोली हवी होती. घरात रिकामी करता येण्याजोगी खोली एकच होती.

तेव्हा धाकटा आल्यापासून घरात जे चाललं होतं ते गाडीच्या मापाचं भांडण होतं असं म्हणणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकण्यासारखं होतं. थोरला फर्निचर बनवायचा. मधली यायच्या आधी मागच्या खोलीत त्याच्या प्लायवुडच्या फळ्या असत. त्या बाहेर काढून व्हरांड्यात ठेवाव्या लागल्या, पावसात फुगल्या, आणि ते त्यानं बोलून दाखवलं नसलं तरी फुगलेली फळी येताजाता पायानं हलवून बघायची सवय त्याला लागली होती. वहिनीची भीती वेगळी होती. परत आलेली नणंद खोलीत एकदा रुजली की उद्या घरात हिस्सा मागेल. धाकट्याला भीती अशी की हिचं इथं जमलं नाही तर ही आपल्याकडे येईल. म्हणून तो लहान गाडीच्या बाजूचा. बोलताना मात्र सगळे गाडीविषयीच बोलत.

मधलीला काय हवं होतं ते सांगायला नकोच. तिला जायला दुसरी जागा नव्हती.

*

पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर धाकट्यानं दोन्ही मापांच्या रुळांचे गोल जोडून ठेवले होते. मोठा गोल टेबलाच्या कडेबाहेर लोंबत होता, त्याला पुस्तकांचा टेकू दिला होता. लहान गोल त्याच्या आत आरामात बसला होता. आबा खुर्चीत ताठ बसून दोन्हीकडे मान तिरकी करून बघत होते.

ते असं मान वळवून बघायला लागल्याला बरेच महिने झाले होते. थोरला म्हणायचा, केबिनीच्या खिडकीतून वाकून बघायची सवय आहे, जात नाही. वहिनी म्हणायची, मानेत काहीतरी अडकलंय, शेक द्या. खरं कारण एकट्या मधलीला माहीत होतं, कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तीच त्यांना घेऊन गेली होती. समोरचं दिसणं हळूहळू जाणार, डॉक्टर म्हणाला होता. ज्याच्याकडे बघाल तिथंच धुकं, आणि कडेचं तेवढं राहील. बाहेर पायरीवर आल्यावर आबांनी तिचं मनगट धरलं. "घरात बोलायचं नाही. दर तपासणीला माझे डोळे पास व्हायचे. सिग्नलवाला आंधळा झाला हे मला माझ्या घरात ऐकायचं नाही. कबूल?" ती म्हणाली, कबूल. आणि तेवढी एक गोष्ट त्या दोघांची झाली. आईच्या माघारी या घरात तिचं आणि कुणाचं मिळून असं काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते गुपित तिला जवळचं वाटायचं, हे कितीही वाईट दिसलं तरी खरं आहे.

"आबा," थोरला म्हणाला, "मी सरळ बोलतो. लहान माप म्हणजे डोळ्यांचं आणि बोटांचं काम. चाकं मुगाच्या दाण्याएवढी. या वयात ती कुठं बसवत बसणार? मोठी घ्या. हातात धरली तर काहीतरी धरल्यासारखं वाटतं. टेबल मी करतो, सागाच्या चौकटीवर."

आता यातला शब्द न् शब्द खरा होता. थोरल्याला ते ठाऊक नव्हतं, तो आपला नेम धरून बहिणीच्या खाटेवर दगड मारत होता, आणि दगड नेमका खऱ्यावर जाऊन पडत होता. मधलीनं ते ओळखलं आणि तरी ती बोलली.

"मोठीत स्टेशन कुठं मावणार आहे, दादा? गोल मांडला की खोली संपली. फलाट कुठं, केबिन कुठं? लहानीत सगळं मांडता येईल. नमुना लहान कागदावर काढला म्हणून बाही बदलत नाही."

"बरोबर," धाकटा म्हणाला. "ताई म्हणते ते बरोबर. शिवाय लहान गाडी आबांच्या खोलीतच राहील. रात्री-अपरात्री चालवावीशी वाटली तर कुणाच्या दारावर टकटक नको."

"तुझं काय जातंय रे म्हणायला?" थोरला म्हणाला. "उंटावरून शेळ्या हाकायला तू, आणि इथं राहायचं आम्ही."

"मी पेट्या आणल्या, दादा. नुसतं बोलत तर नाहीये."

"पेट्या! आईच्या आजारपणात पण पेट्याच पाठवल्यास."

धाकटा लाल झाला आणि लहान इंजिनाची चाकं पुसायला लागला. वहिनीनं चहाचे कप आणले, सगळ्यात आधी आबांपुढे ठेवला, आणि ठेवता ठेवता हसत म्हणाली, "मला विचाराल तर घरात गाडी असलेली बरी. बसवली तिथं बसते. हिस्सा मागत नाही."

मधलीनं कप उचलला आणि परत ठेवला.

"वहिनी, मी कधी हिस्सा मागितला?"

"तुम्हाला कोण म्हणालं, वन्सं? मी गाडीचं बोलतेय. तुम्ही उगाच अंगाला लावून घेता."

"पुरे," आबा म्हणाले. त्यांनी हात लांब करून टेबल चाचपलं, लहान इंजिन त्यांच्या हाताला लागलं, ते उचलून ते खिडकीपाशी गेले. हात पुढं करून त्यांनी इंजिन बाहेरच्या उजेडात धरलं आणि मान बाजूला वळवली. "केबिनीतून गाडी मला एवढीच दिसायची. याहून मोठी कधी दिसली नाही. मोठी दिसते ती फलाटावरच्या माणसाला. मी फलाटावर कुठं होतो? लहान घ्या."

"आबा, तुम्ही तिच्याकडे बघून ठरवताय," थोरला म्हणाला.

"कुणाकडे तरी बघूनच ठरवतात. तू ज्याच्याकडे बघून बोलतोयस ते मी विचारलं का?"

थोरल्याचं तोंड उतरलं. बायकोसमोर, धाकट्यासमोर, बापानं असं बोलावं हे त्याच्या वर्मी लागलं. घर चालवायचं त्यानं, छपराचे पत्रे बदलायचे त्यानं, आणि कौल मात्र जायचा परत आलेल्या बहिणीला. तो खुर्ची मागं सारून उठला, पण गेला नाही.

मधलीला वाटलं होतं आपल्याला हायसं वाटेल. वाटलंही, क्षणभर. खोली राहिली. खाट आपल्या जागी परत ओढता येईल, फरशीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसता येईल. बापानं आपल्यासाठी हे केलं, सगळ्यांसमोर केलं, आणि तिला रडू यायला लागलं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

"चालवून बघू," आबा म्हणाले. "ठरलंच आहे तर."

धाकट्यानं इंजिन रुळांवर ठेवलं. डबे आबांनी ठेवायला घेतले. पहिला बसला, दुसरा बसला, तिसऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बसला." तिसऱ्याची मागची चाकं रुळाबाहेर होती. धाकट्याला वाटलं घाईत झालं असेल, तो हात पुढं करणार तोवर आबांनी बटण फिरवलं. गाडी निघाली. तिसरा डबा तिरका होऊन रुळांखालच्या पट्ट्यांवर टकटक आपटत, अंग घासत मागून ओढला जाऊ लागला. अर्ध्या फेरीत आडवा पडला आणि तसाच फरफटत राहिला.

आबा मान वळवून हसत होते. "काय सुरेख चाललीय," ते म्हणाले. "ऐका. सांध्यावरून जाताना कशी वाजते."

वहिनी फसकन हसली. तिला वाटलं आबा थट्टा करताहेत. धाकटाही हसला. आबांना वाटलं सगळ्यांना गाडी आवडली, म्हणून ते आणखी हसले, आणि मधलीला ते बघवेना. तिला त्यांची खोली दिसली, पाट दिसला, दार लावून एकटे बसलेले आबा दिसले, डबे पडून फरफटत चाललेले आणि ते म्हणताहेत, काय सुरेख. रोज. आणि आपण भिंतीपलीकडे आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर, ते ऐकत. मोठी गाडी त्यांना निदान हातानं कळेल. मघाशी मोठीचा डबा त्यांनी उचलून एका झटक्यात रुळांवर बसवला होता, न बघता, नुसत्या बोटांनी.

"मोठी घ्या," ती म्हणाली.

धाकट्यानं गाडी थांबवली.

"काय?"

"मोठी घ्या. मागच्या खोलीत मांडा. मी खोली रिकामी करते."

*

आयुष्यात माणूस एखादी चांगली गोष्ट करायला जातो तेव्हा त्याला वाटतं लोक निदान बाजूला सरून वाट देतील. या घरात तसं होत नाही. थोरल्यानं भुवया उंचावल्या. वहिनीनं कप गोळा करायचे थांबवले.

"आता हे काय नवीन, वन्सं?" तिनं विचारलं. "आत्ता तर तुमच्या मनासारखं झालं."

"मला पटलं दादाचं. लहान डबे बसवणं त्रासाचं आहे."

"तुला दादाचं पटलं?" थोरला म्हणाला. "आजवर कधी पटलं नाही ते? आणि तू राहणार कुठं?"

"बघेन."

"बघेन म्हणजे इथंच पथारी टाकणार," वहिनी म्हणाली. "म्हणजे पुढची खोलीपण गेली. हा डाव मला नाही कळला बाई."

"डाव नाही वहिनी. मी कारखान्याजवळ एखादी खोली बघते, कुणाबरोबर तरी राहीन."

"ताई, उगाच कशाला?" धाकटा घाईघाईनं म्हणाला. "ठरलंय ना एकदा."

"ठरलंय," आबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता आणि त्यात ताकीद होती, जी तिला एकटीलाच कळणार होती. "लहान म्हणालो ना मी. मोठीची पेटी बांध. उद्या जाताना देऊन टाक. आणि तू गप्प बस."

"आबा, नका ना हट्ट करू."

"हट्ट तू करतेयस."

धाकट्यानं मोठं इंजिन उचललं आणि पेटीतल्या त्याच्या खोबणीत घातलं. मग डबे. एकेक डबा आत जात होता, आणि ती पेटी बंद झाली की झालं, दुकानात गेली की परत येणार नव्हती. मधली उठली आणि तिनं पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"आबांना दिसत नाही," ती म्हणाली.

"खोटं आहे," आबा म्हणाले.

"त्यांना समोरचं दिसत नाही. तो तिसरा डबा पडलेला त्यांना दिसला नाही. ते थट्टा करत नव्हते. लहान गाडी त्यांना कधीच दिसणार नाही, कळतंय का? मोठी निदान हाताला लागेल. म्हणून मोठी घ्या, दुसरं माझं काही नाही."

थोरला बापाकडे बघत राहिला. मग तो टेबलाला वळसा घालून आला आणि त्यानं आबांच्या तोंडासमोर हात धरला. "आबा, किती बोटं?"

आबांनी मान वळवली. थोरल्यानं हात वळवलेल्या बाजूला नेला, परत बरोबर समोर. आबांनी मान दुसरीकडे केली, हात तिकडे गेला. असं दोनदा झालं. दाराशी वहिनी तोंडावर पदर धरून उभी होती.

"हात खाली घे," आबा म्हणाले.

थोरल्यानं हात खाली घेतला. "आणि मला सांगितलं नाहीत? सकाळी उठून गॅस पेटवता, एकटे रस्ता ओलांडून पेपर आणता, आणि मला सांगितलं नाहीत? मी कोण आहे या घरात? सुतार?" मग तो बहिणीकडे वळला. "तुला माहीत होतं. कधीपासून?"

"डॉक्टरकडे गेलो तेव्हापासून. त्यांनी कबूल करून घेतलं होतं."

"आणि हे माहीत असून दोन दिवस लहान गाडी, लहान गाडी म्हणत होतीस!"

तिनं मान खाली घातली. म्हणत होती हे खरंच होतं.

"जाऊ दे आता," धाकटा म्हणाला. "मोठी ठेवू या. मी लहान परत करतो. म्हणजे प्रश्न मिटला."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" थोरला ओरडला. "टेबलाखाली वायरींचं जंजाळ, त्या जोडायची तापलेली सोल्डरची सळई, करंट! डोळे नसलेल्या माणसाला? उद्या हात भाजला, खोलीला आग लागली, तर तू येणारेस विझवायला? लहान नको नि मोठीपण नको. दोन्ही परत कर. आणि आबा, उद्यापासून गॅसला हात लावायचा नाही. पेपर मी आणीन."

"दादा, मी बसेन त्यांच्याजवळ," मधली म्हणाली. "सळई मी धरीन. डबा पडला तर मी उचलीन. मोठी राहू दे."

"तू कारखान्यात असशील."

"संध्याकाळी येईन ना! रोज येईन."

"आता येईन म्हणतेस? इतके दिवस माझ्यापासून लपवून ठेवलंस, तुझ्यावर काय विश्वास ठेवू?"

धाकट्यानं काही वेळ दोघांकडे बघितलं. मग त्यानं लहान रूळ सुटे करायला घेतले. तो म्हणाला, "दादा म्हणतो त्यात तथ्य आहे, ताई," आणि त्यानंतर त्यानं वर बघितलंच नाही. आपल्याला परतीची गाडी गाठायची आहे हे ऐनवेळी आठवायची त्याची जुनी पद्धत होती.

आबा हे सगळं ऐकत बसले होते. आपल्याविषयी बोलणं चाललंय आणि आपल्याला कुणी विचारत नाहीये, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. ते उठले. मधली हात धरायला पुढं झाली, तर त्यांनी तो झटकला आणि भिंतीला धरून ते तिच्यासमोर उभे राहिले, बाजूला मान वळवून, म्हणजे तिला कळलं की ते तिला नीट बघताहेत.

"खोली तुझी झाली," ते म्हणाले.

"आबा, मी मोठी मागितली. सगळ्यांसमोर मागितली. मी निघून जाते म्हणाले."

"म्हणालीस. ऐकलं मी. मी जन्मभर सिग्नल सांभाळला, पोरी. कोण काय म्हणालं ते मी धरत नाही. गाडी शेवटी कुठल्या रुळावर गेली ते बघतो. आता बघ कुठं गेली. लहान घेतली असती तर आज ना उद्या मोठीचा विषय परत निघाला असता. आता गाडीच नाही म्हटल्यावर कुणाला तुझ्या खोलीत यायचं कारण उरलं नाही."

"असं नाहीये हो, आबा. मला तुमचं बघवेना."

"तेच म्हणतो मी. मला दिसत नाही हे तुला बघवलं नाही. मग ते तू सगळ्यांना दाखवलंस." ते जायला वळले आणि थांबले. "मी लहान घ्या म्हणालो होतो. डबा पडो नाहीतर राहो. ती गाडी माझी होती आणि खोली तुझी. त्यात काय वाईट होतं?"

ते भिंत धरत आपल्या खोलीत गेले आणि दार अर्धवट लोटलं.

मधली तिथंच उभी राहिली. आपण खोलीसाठी बोललो का, हे तिनं मनात शोधून बघितलं. सापडलं नाही. पण आबांनी एकदा तसं म्हटल्यावर शोधावं लागलं, आणि उद्याही लागणार, परवाही. खरं बोलून माणसाचं तोंड पोळतं हे तिला आजवर नुसतं ऐकून माहीत होतं. आणि सगळ्यात मोठा राग तिला आला तो स्वतःचाच, कारण एवढं होऊनही मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात ती सुटल्यासारखी झाली होती. रस्त्यावर यायची वेळ टळली होती.

वहिनी कप धुऊन आली. तिनं पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच नणंदेकडे बरोबरीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"वन्सं, मानलं बाई तुम्हाला," ती हळूच म्हणाली. "मी तुम्हाला इतके दिवस भोळ्या समजत होते."

"वहिनी, शपथ घेऊन सांगते—"

"मला कशाला सांगताय? माझी काही तक्रार नाही." आणि खरंच तिची तक्रार उरलेली नव्हती. ज्या माणसाला हिशेब कळतो त्याच्याशी तिला जमवून घेता यायचं, भाबड्या माणसाशीच तिचं पटत नसे.

धाकटा दोन्ही पेट्या काखोटीला मारून गेला. जाताना आबांच्या दाराशी थांबला, "येतो, आबा," म्हणाला, आणि निघून गेला.

थोरला मागच्या खोलीत फरशीवर बसून फडक्यानं खडू पुसत होता. त्याचे डोळे सुजले होते. बापाचे डोळे गेले याचं त्याला मनापासून दुःख झालं होतं, याविषयी शंका घ्यायला जागा नाही. माणसं वाईट असतात म्हणून त्यांना दुःख कमी होतं असं थोडंच आहे? मधली दारात आली तशी त्यानं एका हातानं खाट ओढून पहिल्या जागी नेली. ट्रंक नेली. टेबल नेलं. मग खिशातून मोजायची टेप काढली आणि भिंत न्याहाळली.

"ही ट्रंक किती दिवस वापरणार?" तो म्हणाला. कित्येक महिन्यांत तो तिच्याशी इतक्या सरळ आवाजात बोलला नव्हता. "व्हरांड्यातल्या फळ्यांतनं एक कपाट होईल. फुगलेल्या आहेत, पण मागच्या बाजूला चालतील. कुठं हवं?"

तिनं नको म्हणायला हवं होतं. निदान थोडा वेळ तरी गप्प राहायला हवं होतं. आबांची खोली बोळापलीकडे होती, त्यांचं दार अर्धं उघडं होतं आणि आत ते पलंगाच्या कडेवर बसलेले तिला दिसत होते, तोंड भिंतीकडे. मग तिनं खोलीकडे एकदा नजर फिरवली.

"दाराच्या मागं," ती म्हणाली. "आणि एक कप्पा कुलपाचा कर."

ती हळू बोलली होती, पण आबांनी ऐकलं. कान त्यांचे अजून चांगले होते.